बाईची सही आणि बाईचं म्हणणं

(रेडिओवरील भाषण)



आपल्या ग्रामपंचायत कायद्यात एक तरतूद आहे. नियमित ग्रामसभा भरायच्या आधी गावातल्या स्त्रियांची वेगळी सभा भरली पाहिजे. तिला आपण महिला ग्रामसभा म्हणतो. मोठ्या सभेत चारचौघांसमोर, त्यातून दीर-सासऱ्यांसमोर, बाईला तोंड उघडणं अवघड जातं. तेव्हा तिचं म्हणणं आधी बायकांच्या सभेत मांडलं जावं आणि मग ते मोठ्या ग्रामसभेपुढे जावं, असा त्यामागचा विचार. विचार उत्तम आहे. या सभेचं गावोगाव प्रत्यक्षात काय होतं, ते आज सांगायचं आहे.

सकाळचे अकरा वाजलेले असतात. खुरपणीचे दिवस. आदल्या संध्याकाळी बचत गटाच्या ताईंना निरोप गेलेला असतो, ‘उद्या दहा-पंधरा बायका घेऊन या.’ ज्यांना नाही म्हणता येत नाही त्या आधी येऊन बसतात: अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशाताई. रोजाने जाणाऱ्या बायका येत नाहीत, कारण आल्या तर दिवसाचा खाडा होतो. रजिस्टर फिरतं, सह्या होतात, अंगठे उठतात, फोटो निघतो. अशात एखादी बाई धीर करून म्हणते, ‘भाऊसाहेब, आमच्या वस्तीत नळाला पाणीच चढत नाही. टाकी भरली की आधी वरच्या आळीला सोडतात.’ ग्रामसेवक म्हणतात, ‘लिहून घेतो.’ आणि प्रोसिडिंग बुकात एक ओळ उमटते, ‘पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.’ काय मंजूर झालं? कोणी मागितलं? कोणत्या वस्तीसाठी? यातलं काहीच त्या ओळीत नसतं. बाईची सही सरकारदरबारी पोचते, तिचं म्हणणं मात्र चावडीतच राहतं.

सगळीकडे असंच होतं असं नाही. जागरूक सरपंचबाई, निष्ठेने काम करणारे ग्रामसेवक मी पाहिले आहेत. पण ज्या व्यवस्थेत चांगलं घडणं एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून असतं, त्या व्यवस्थेबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत, आणि स्त्री-अभ्यासाने आपल्या देशात ते विचारले आहेत.

1971 साली भारत सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. 1974च्या अखेरीला तयार झालेल्या या समितीच्या अहवालाने सुशिक्षित मध्यमवर्गाची झोप उडवली. 1901 साली दर हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या, 1971 साली 930 उरल्या होत्या. स्वातंत्र्य, राज्यघटना, मताचा अधिकार हे सगळं मिळूनही बायका कमी होत चालल्या होत्या. विधिमंडळात स्त्रियांना राखीव जागा द्याव्यात का, यावर समितीत मतभेद झाले. बहुमत विरोधात गेलं. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. पण त्याच अहवालात गावपातळीवर स्त्रियांच्या वैधानिक पंचायती असाव्यात अशी शिफारसही होती. आजची महिला ग्रामसभा पाहताना मला ती शिफारस आठवते.

तो अहवाल लिहिला जात होता त्याच काळात मुंबईच्या रस्त्यांवर बायका थाळ्या-लाटणी घेऊन उतरल्या होत्या. 1972ची महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती, तिच्या नेत्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ही नावं आपल्या ज्येष्ठ श्रोत्यांना सांगायला नकोत. तेल, साखर, रॉकेल यांच्या वाटपाचं धोरण हा स्वयंपाकघराचा प्रश्न आहे आणि म्हणून त्यात आमचं ऐकलं गेलं पाहिजे, हे त्या बायकांनी ठणकावून सांगितलं. त्यांना कोणी सभेचं निमंत्रण दिलेलं नव्हतं.

गावाकडची गोष्ट त्यानंतरची. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पंचायतीच्या निवडणुका बायकांनीच लढवाव्यात हा विचार तिथून गावांत पोचला, आणि 1989 साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये सगळ्या स्त्रियांचं पॅनेल निवडून आलं. पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा देणारी घटनादुरुस्ती अजून व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट! महाराष्ट्रातल्या अशा संपूर्ण महिला पंचायतींचा अभ्यास पुण्याच्या ‘आलोचना’ या केंद्राने केला, आणि 1998 साली बिशाखा दत्त यांच्या संपादनाखाली तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुस्तकाच्या नावातच प्रश्न आहे, ‘मग चपात्या कोण करणार?’ सभेला जाणाऱ्या बाईला घरातून हाच प्रश्न विचारला जातो. सभेची वेळ सकाळी अकराची ठेवणारा मात्र तो कधी विचारात घेत नाही.

आणि ‘महिला’ म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवूनही भागत नाही. शर्मिला रेगे यांनी 1998 सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात दलित स्त्रियांच्या वेगळ्या अनुभवाला स्त्रीवादी विचाराच्या केंद्रस्थानी आणलं. वरच्या आळीतली बाई आणि खालच्या वस्तीतली बाई एकाच सतरंजीवर बसलेल्या असल्या, तरी पाणी आधी कुणाकडे सोडायचं या प्रश्नावर त्यांचं उत्तर एक नसतं.

आता कोणी म्हणेल, बायका निर्णयाच्या जागी आल्याने असा काय फरक पडतो? खुर्चीवर बाई, कारभार तिच्या मालकांच्या हातात, हे आपण बघतोच. या शंकेला एक पक्कं उत्तर मिळालं आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या 265 पंचायती तपासल्या. सरपंचपदाचं आरक्षण चिठ्ठ्या टाकल्यासारखं फिरतं असल्याने तुलना चोख करता आली. पंचायतीकडे बायका काय मागतात आणि पुरुष काय मागतात, याची त्यांनी नोंद केली. दोन्हीकडे बायकांची मागणी आधी पिण्याच्या पाण्याची होती. आणि जिथे पद स्त्रीसाठी राखीव होतं, तिथे पाण्यावर खर्च जास्त झाला होता. रस्त्यांचं मात्र एकसारखं नव्हतं. बंगालमध्ये बायकांना रस्तेही हवे होते, तिथे स्त्री-प्रमुख असलेल्या पंचायतींनी रस्त्यांकडेही जास्त लक्ष दिलं. राजस्थानात रस्त्यांची मागणी पुरुषांची होती, तिथे ते कमी झाले. हा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राने 2011 साली स्थानिक संस्थांतलं स्त्रियांचं आरक्षण 50 टक्क्यांवर नेलं, ते योग्यच केलं.

पण खुर्ची मिळाली तरी सभेचे नियम तेच राहतात. इथे मला एका गोष्टीकडे तुमचं खास लक्ष वेधायचं आहे.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे आपण ज्याला कोरम म्हणतो, ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढी लागते. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अटच राहत नाही. म्हणजे वीस-पंचवीस माणसं बसून सगळ्या गावाच्या वतीने ठराव करू शकतात.

आता दुसरा नियम पाहा. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, त्या सह्यांची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आपल्या बायकांनी ‘आडवी बाटली’ हा शब्द महाराष्ट्रभर केला. पण दुकान बंद व्हायला झालेल्या मतांचं बहुमत पुरत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, यादीत 1000 बायका आहेत. मतदानाला 600 आल्या. 480 जणींनी बाटली आडवी केली, 120 जणींनी उभी ठेवली. चारास एक असा कौल मिळाला. तरी दुकान चालूच राहतं! ज्या 400 आल्या नाहीत, त्या सगळ्या जणू दुकानाच्या बाजूने मोजल्या गेल्या. त्यांत लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली असतात, यादीतून नाव न निघालेल्या मयत बायका असतात, कामाला बाहेर गेलेल्या असतात.

वीस-पंचवीस जणांच्या तहकूब सभेला गावाचा आवाज मानायचं, आणि 480 बायकांचं मत मात्र अपुरं ठरवायचं! हा न्याय मला मान्य नाही. आमदार, खासदार, सरपंच, सगळे झालेल्या मतांवर निवडून येतात. दारूच्या दुकानालाच हे जादा संरक्षण का?

शेवटी, सभेच्या दिवशी गावातच नसणाऱ्या बायकांसाठी बीड जिल्ह्याकडे वळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली इतका गाजला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यांचं आरोग्य, पाळणाघर, फडावरचं पाणी, यावर त्यांच्याइतकं अधिकाराने कोण बोलणार? आणि 26 जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा त्या असतात सांगलीत, कोल्हापुरात, नाहीतर कर्नाटकात. त्या गावी असतील अशा दिवसांत त्यांच्यासाठी खास महिला ग्रामसभा लावायला फार पैसा लागत नाही. ग्रामपंचायतीने मे महिन्यात एक संध्याकाळ ठरवली तरी पुरे.

भगिनींनो, तुमच्या गावातल्या पुढच्या महिला ग्रामसभेची नोटीस कधी निघाली ते विचारा. वेळ संध्याकाळची मागा. बोललेलं शब्दशः लिहून घ्यायला लावा, बाईच्या आणि वस्तीच्या नावानिशी, आणि सही त्यानंतरच करा. महिला सभेचे ठराव मोठ्या ग्रामसभेत वाचून दाखवले गेले की नाही, हे स्वतः उभं राहून विचारा. इतिवृत्ताची प्रत देत नसतील, तर 10 रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.