टेन्शन घेऊ नका



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत काल रात्री बिनदिक्कत वांग्याचं भरीत वाढल्याबद्दल स्वागत समितीचे विशेष आभार.

अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. अंगावर उठणाऱ्या जुनाट पित्तावर नवी इंजेक्शनं आली आहेत, महाग आहेत, ज्यांना लागू पडतात त्यांना रात्रीची झोप मिळते. बाकीचं स्मरणिकेत छापलंय. मला एका वाक्याबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी मी कित्येक वर्षं या माईकची वाट पाहत होतो. ते वाक्य म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका.’

गोळी लिहून झाली, कागद फाडून हातात दिला, पेशंट खुर्चीतून उठला, की ते आपल्या तोंडून सुटतंच. मी हजारो वेळा बोललो असेन.

पंचवीसेक वर्षांपूर्वी माण-खटावकडच्या एक बाई आल्या. आठ महिने अंगावर गांधी उठत होत्या. आमसुलाचं पाणी चोळून झालं होतं. वांगं, डाळ, आंबट सगळं बंद करून झालं होतं. तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. सापडणार तरी काय? सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या पित्ताला बाहेरचं कारण बहुतेक वेळा नसतंच. काटेकोर बोलायचं तर ती अ‍ॅलर्जीही नव्हे. पुष्कळदा शरीरच स्वतःवर उलटलेलं असतं. हे मला ठाऊक होतं. पण बाहेर चाळीस नंबर लागले होते. मी म्हणालो, ‘टेन्शन घेऊ नका.’ दार अर्धं उघडं होतं आणि बाकावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या.

बाई परत आल्या दोन वर्षांनी. मी जरा रागावूनच विचारलं, इतके दिवस कुठं होता? म्हणाल्या, ‘घरात सगळे म्हणत्यात, डॉक्टरच बोलले, डोक्यातलं हाय. मग मी गोठ्यात जाऊन खाजवायची. म्हशीला काय सांगावं लागत नाही.’

मी तसं म्हणालो नव्हतो. पण आपलं ‘टेन्शन’ केबिनच्या दारातून बाहेर पडतं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘थेर’ झालेलं असतं. आपण सहज बोललेलं तिकडं निकालपत्र म्हणून वाचलं जातं, आणि सुनेविरुद्धचा निकाल तर फार लवकर पोचतो.

सकाळच्या चर्चासत्रात दोन तट पडले: आधी मन बिघडतं की आधी कातडी? मी त्या बाईंना तेच विचारलं होतं. ‘आधी खाज. टेन्शन तर तुमच्या हितनं घेऊन गेले.’ माझ्यापुरता वाद त्या दिवशी मिटला.

मनाचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. कातडीत मज्जातंतूंची टोकं आणि मास्ट पेशी अगदी शेजारी नांदतात. इकडं धास्ती, तर तिकडं खाज आणणारं हिस्टामिन सुटू शकतं. बिब्ब्याच्या कुळातल्या एका झाडाची पानं घेऊन 1962 साली जपानात इकेमी आणि नाकागावा यांनी मुलांवर प्रयोग केले. साधं पान विषारी म्हणून लावलं तरी पुरळ उठला. सकाळी आमच्या एका तरुण मित्रानं बाल्टिमोरच्या डॉक्टर मॅकेंझींचा 1886 सालचा कृत्रिम गुलाब काढला. गुलाबानं शिंका येणारी बाई नकली फूल पाहूनही शिंकू लागली, म्हणजे सगळं मनाचंच! टाळ्या पडल्या. पण मित्रा, गोष्ट तिथं संपत नाही. मॅकेंझींनी ते फूल नकली असल्याचं तिला दाखवलं, समजावलं. पुढे तिनं खऱ्या गुलाबात नाक खुपसलं आणि शिंक आली नाही. त्यांनी तिला वेळ दिला होता. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावलं नव्हतं.

आपण काय देतो? तीन मिनिटं आणि पथ्याची झेरॉक्स. आधीच रात्र-रात्र जागलेल्या, लग्नाच्या पंगतीत कुणी ‘हात धुतले का’ म्हणेल म्हणून घरी बसणाऱ्या माणसाच्या ताटातून आपण आणखी चार पदार्थ काढून घेतो, आणि वर सांगतो, आनंदी राहा. मला याची लाज वाटते. ज्यांना वाटत नाही, त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याशी जरूर भांडावं.

काही करायला हवं. एक मराठी प्रश्नपत्रक असावं: झोप किती होते, खाज आधी की काळजी, घरात कोण काय म्हणतं. समिती नेमू, निमंत्रक कोण, पैसे कुठून, ते चहाच्या वेळी बघू. दारं बंद करून बोलायला मात्र समिती लागत नाही.

पत्रकाचा कच्चा मसुदा मी लिहायला घेतलाय. त्या बाई अजून येतात, आता नातवाला घेऊन. आधी त्यांना वाचून दाखवीन. त्यांनी नापास केला नाही, तर कार्यकारिणीकडे पाठवतो.