वाट्यांचा ताल



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकलेली मी, घरातलेच सांगते.

माझी धाकटी दीड वर्षांची असताना आजारपणामुळे मला तीन महिने नाशिकला माहेरी राहावे लागले. परतले तो पौष वद्य एकादशीचा दिवस. निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या दारावरून चालल्या होत्या. मी हात पुढे केले, तर पोर सासूबाईंच्या पदराआड लपली. फार जिवाला लागले हो!

सासूबाई म्हणाल्या, "ओढू नकोस तिला. काम करीत बैस नि गुणगुणत राहा." मग तांदूळ निवडताना मी तिचे नाव घालून ओव्या म्हणू लागले. माझा आवाज घोगरा, पण ऐकणार कोण होते? चौथ्या दिवशी टाळकऱ्यांसारख्या दोन वाट्या आपटीत ती समोर येऊन बसली. मी थांबले की तीही थांबे. आठवड्याने मांडीवर आली.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मागे १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, ती मुलाने, सोपानदेवांनी, जपली म्हणून. जात्यापाशी, चुलीपाशी गाणाऱ्या आईचे शब्द लेकाच्या कानात राहिले होते.

मोबाईलवर आता गोड आवाजातली अंगाई लागते. मीही लावली आहे, खोटे कशाला बोलू? पण बाळाच्या वाट्या थांबल्या, तरी ती आपली चालूच राहते.

माझी लेक आता नववीत आहे. परवा शेजारचे बाळ रडत होते, तर दोन वाट्या घेऊन हीच धावली.