ऑपरेशनची आदली रात्र

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही पंडित नाही. सूतगिरणीत साच्यावर तुटलेला धागा सांधणारा कामगार. जे शिकलो ते पाळी संपल्यावर वाचून शिकलो. त्यामुळे ग्रंथातलं थोडं आणि घरातलं थोडं, असं बोलणार आहे.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उघडला. तेव्हापासून सातारा-सांगलीकडचा माणूस मोठं ऑपरेशन म्हटलं की मिरजेची वाट धरतो. २०१८ साली आम्हीही कोरेगावहून रेल्वेने आईला घेऊन मिरजेला आलो. आईचं वय ७२. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. बायपास करायची ठरली.

आदल्या संध्याकाळी माझं लक्ष तिच्या पदराच्या गाठीकडे गेलं. गाठीत नवसाचं पाच रुपयांचं नाणं! माझं टाळकं फिरलं. बावीस प्रतिज्ञा गावोगाव सांगत फिरलो, आणि माझ्याच घरात नवस? मी सगळ्या वॉर्डासमोर तिला बोललो. ती भिंतीकडे तोंड करून पडली. शेजारच्या खाटेवर एक मुस्लिम आजी तसबीचे मणी ओढत होती, पलीकडची माळकरी आजी हरिपाठ पुटपुटत होती. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो. उद्या जिची छाती उघडणार, त्या बाईला मी आज गुन्हेगार ठरवलं होतं.

बाहेर बसल्यावर नकुलपित्याची गोष्ट आठवली. अंगुत्तर निकायात ती आहे. भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीचा हा गृहस्थ जबर आजारी पडला. त्याची बायको नकुलमाता जवळ बसली. 'तुम्हाला काही होत नाही' अशी वरवरची समजूत तिने घातली नाही. त्याची एकेक काळजी तिने काढली. तुमच्यामागे संसार कसा चालेल, ही चिंता नको. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मुलांना मी सांभाळीन, शील सोडणार नाही, असा तिने धीर दिला. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकत भगवंतांकडे गेला. भगवंतांनी त्या बाईचं कौतुक केलं. सूत कातणाऱ्या बाईची म्हणून ही गोष्ट मी कामगारांना दहा वेळा सांगितली होती. घरात एकदाही वापरली नव्हती.

रात्री परत आत गेलो. पाय दाबत विचारलं, "आये, कसलं भ्या वाटतंय?"

बऱ्याच वेळाने म्हणाली, "मरणाचं न्हाई रं. माज्या माघारी तुज्या भनीला कोण?"

बहीण परित्यक्ता, गावच्या दोन खोल्यांत आईजवळ राहणारी. त्या खोल्यांवर आम्हा दोघा भावांचा डोळा होता. आईला हे ठाऊक नाही, असं मला वाटत होतं. त्याच रात्री भावाला बोलावून घेतलं. आई आणि बहिणीसमोर दोघांनी शब्द दिला, खोल्या बहिणीच्या.

सकाळी नर्सबाई बांगड्या उतरवायला आल्या. आईने आपल्या हाताने गाठ सोडली, नाणं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "च्या पी जा."

ऑपरेशन यशस्वी झालं ते डॉक्टरांच्या हाताने, माझ्या शब्दाने नव्हे. भगवंतांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे, एक शरीराला लागतो, दुसरा मनाला. आजाराचा बाण काढायला सर्जन लागतो. मनातला बाण कित्येकदा आपण घरच्यांनीच मारलेला असतो. तो काढायचाही आपणच.

आई पुढे पाच वर्षं जगली. खोल्या बहिणीच्या नावावर झाल्या.

म्हणून माझी विनंती अशी की, वस्तीतल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन ठरलं, तर विहारातून चौघांनी जावं. रक्त द्यावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारावं. वंदना म्हणावी. पण आधी खाटेजवळ बसून विचारावं, काळजी कसली आहे? आणि पदराच्या गाठीत काही दिसलं, तर माझ्यासारखं ओरडू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!