बिनतिकिटाची शर्यत



इंग्लंडातील यॉर्कशायरची हकीकत सांगतो. २०१४ साली ‘तूर द फ्रान्स’ तेथून सुटली, आणि पुढच्याच वर्षी त्या परगण्याने स्वतःची तीन दिवसांची सायकल-शर्यत सुरू केली. २०१८ पासून तिचे चार दिवस झाले. या शर्यतीला तिकीट नव्हते. रस्त्याकडेला ताटकळत उभे राहावे आणि शंभरावर स्वार पाहता पाहता दिसेनासे व्हावेत! एवढ्याशा दर्शनासाठी खेड्यापाड्यांतून जुन्या सायकली निळ्यापिवळ्या रंगवून दारांत मांडल्या गेल्या. २०१६ साली स्त्रियांच्या शर्यतीला ५०,००० पौंडांची बक्षिसे होती. मला याचेच अधिक कौतुक वाटते.

परंतु तिकीट नाही म्हणून खर्च चुकत नाही. रस्ते अडवायचे, बंदोबस्त ठेवायचा. पैसा शेवटी बराचसा सार्वजनिक तिजोरीतलाच. ज्याच्या दारी गर्दी थांबली त्या चहावाल्याचा गल्ला भरला. ज्याच्या दारचा रस्ताच बंद, त्याने काय करावे? हा हिशेब एका आकड्यात मांडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

२०१९ ची शर्यत शेवटची ठरली. साथीमुळे पुढली दोन वर्षे चुकली, आणि २०२२ साली संयोजक पर्यटनसंस्थाच बुडाली.