पिंपरीचे पेनिसिलिन आणि आपले ताट



आपल्यापैकी कितीतरी जण पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यावरून रोज कामावर जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. साध्या जखमेने माणूस दगावावा, असे ते दिवस होते. गरिबाच्या घरापर्यंत हे औषध पोहोचले, त्यात आपल्या पिंपरीचा वाटा आहे.

पण १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात सावधगिरीचा इशारा दिला होता. त्यांनी एक कल्पित उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. पुढे त्याच्या पत्नीला त्याच जंतूंची बाधा होते. औषध चालत नाही आणि ती मरण पावते. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला!

ही चूक मीही केली आहे. मुलाला ताप आला, तेव्हा डब्यात उरलेल्या गोळ्यांपैकी दोन त्याला दिल्या. ताप उतरला आणि मी खूश झालो. नंतर डॉक्टरांनी समजावले, की तो ताप विषाणूचा होता, आपोआपच उतरणारा. विषाणूवर या गोळ्या चालतच नाहीत. मात्र पोटातल्या इतर जंतूंना त्यांनी विनाकारण धडा शिकवला.

आता ताटाकडे वळू. कोंबड्यांना आजारात ही औषधे द्यावी लागतात. पण नुसत्या वजनवाढीसाठी खाद्यातून थोडी थोडी दिली, तर त्यांच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या उपायांपैकी एक औषध. म्हणूनच भारत सरकारने २०१९ साली खाद्यप्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

घाबरून जाऊ नका. असा हट्टी जंतूही आगीपुढे टिकत नाही. मांस आतपर्यंत नीट शिजले की तो मरतो. धोका आहे तो तयार मालात. चाकणच्या पाळीवरून परतताना आपण कबाबचे पार्सल घेतो किंवा घरी सॉसेज, सलामी आणतो. शिजल्यानंतर कच्च्या मटणाची सुरी, फळी किंवा न धुतलेला हात त्याला लागला, तर ते पुन्हा चुलीवर चढत नाही, थेट तोंडात जाते. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर भगिनींनी असा माल वाफ निघेपर्यंत गरम करूनच खावा.

म्हणून माता-भगिनींनो, कच्च्याची सुरी आणि फळी वेगळी ठेवा. इफ्तारसाठी आणलेले पदार्थ तासन्‌तास उघडे ठेवू नका. खाणे हलाल हवेच, तसे ते तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि निकोपही हवे.

पालकांनो, प्रत्येक जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. आधी मीठ-साखरेचे पाणी द्या. मात्र रक्त पडले, ताप चढला किंवा मूल मलूल झाले, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्या. त्यांनी सांगितले तितकेच दिवस औषध द्या. उरलेले शेजाऱ्याला देऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नवी औषधे शोधणे कठीण आहे. ते काम करणारे हात उद्या याच सभागृहातून निघावेत, अशी माझी दुआ आहे. तोवर जी औषधे हाती आहेत, ती अमानत समजून जपू या.

खुदा हाफिज.