आठवणींची रंगभूमी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मराठी माणूस परप्रांतात गेला की आधी गणपती बसवतो आणि मग नाटक बसवतो, असे थट्टेने म्हटले जाते. अशा नाट्यप्रेमी सभेपुढे आज मी एका निराळ्या रंगभूमीविषयी बोलणार आहे. युद्ध सोसलेल्या वृद्धांच्या बोलण्यातून तिची संहिता घडते.

लंडनमध्ये १९८३ साली पॅम श्वाइत्झर यांनी 'एज एक्सचेंज' ही नाट्यसंस्था स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९३९ मध्ये, ब्रिटनच्या मोठ्या शहरांतून अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक खेडोपाडी हलवण्यात आले. त्यांत आईबापांविना पाठवलेली शाळकरी मुले फार मोठ्या संख्येने होती. ७ सप्टेंबर १९४० पासून तर सुमारे दोन महिने लंडनवर जवळजवळ रोज रात्री बॉम्ब पडत होते. सेनापतींचे आणि मुत्सद्द्यांचे इतिहास लिहिले गेले. परंतु अनोळखी घरी वाढलेले ते मूल, कारखान्यात तोफगोळे भरणारी ती गृहिणी, यांच्याकडे कोणी विचारणा केली नव्हती.

संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती केली. वृद्धांचे लहान गट जमवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि शक्यतो त्यांच्याच शब्दांत संहिता बांधली. वृद्धाश्रमांत, मंडळांत आणि शाळांतही प्रयोग झाले. युद्धकाळात राबलेल्या स्त्रियांवरील एका नाटकाचे नाव होते 'आई, युद्धात तू काय केलेस?' या अर्थाचे. मला हे शीर्षक फार मोलाचे वाटते. आठवण वृद्धाजवळ असते खरी; पण तिला वाट करून देणारा प्रश्न मुलाच्या तोंडून यावा लागतो.

इस्राएलमध्ये सुरू झालेले आणि पुढे अमेरिकेत पोहोचलेले 'साक्षीनाट्य' याच्याही पुढे गेले. नाझींच्या वंशसंहारातून वाचलेले वृद्ध आणि शाळकरी विद्यार्थी कित्येक महिने नियमाने भेटतात. अखेरीस विद्यार्थी त्या वृद्धांचे तारुण्य रंगमंचावर उभे करतात आणि ते वृद्ध स्वतः तेथेच उपस्थित असतात. ज्याचे दुःख, त्याच्या देखत ते साकारायचे, ही नटाची केवढी कसोटी!

या कामाला संयम हवा. स्मृती तारखा चुकवते. म्हणून ती इतिहासग्रंथाची जागा घेऊ शकत नाही. सांगणाऱ्याला 'हे नको' म्हणण्याचा अधिकार असावा, आणि त्याचे मौनही मानले जावे. टाळ्यांसाठी कोणाची जखम उकलू नये.

आता आपल्याकडे वळतो. डिसेंबर १९७१ च्या युद्धात खिडक्यांना काळे कागद लावून अंधारात बसलेली मुले आज साठीच्या पुढे आहेत. १९४७ ची फाळणी जाणत्या वयात पाहिलेली माणसे तर विरळ होत चालली आहेत. परप्रांतातील आपल्या मंडळांतून, आपल्या शेजारांतून अशी माणसे असतील. सैनिकांच्या पत्नी असतील, पत्राची वाट पाहिलेल्या भगिनी असतील. त्यांच्याकडे जाण्यास उशीर झाला, तर पुन्हा संधी मिळणार नाही.

आपल्या नातवंडांना मराठी समजते, पण बोलताना ती अडखळतात, ही आपणा सर्वांची खंत आहे. आजीला तिच्या अंधारलेल्या रात्रींविषयी विचारायचे, तर तिच्याच भाषेत विचारावे लागेल. ते उत्तर रंगमंचावर आणायचे, तर तिचा शब्द अन् शब्द जिभेवर घोळवावा लागेल. भाषा टिकवण्याचा याहून सरस मार्ग मला तरी दिसत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, वार्षिक नाटकाबरोबर दरवर्षी अर्ध्या तासाचा असा एक प्रयोग मंडळाने करावा. नेपथ्य नसले तरी चालेल; दोन खुर्च्या पुरेत. एकीवर आजोबा किंवा आजी, दुसरीवर नातवंड.