परमुलखातला आधार : ग्रंथालय



१९१३ साली बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला गेले, १९२० साली पुन्हा लंडनला. त्या परक्या शहरात ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय हाच त्यांचा आधार. पुस्तक मागताना तिथं जात सांगावी लागत नव्हती.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील सार्वजनिक ग्रंथालयाने तर १९७७ पासून बाहेरदेशातून आलेल्यांसाठी खास उपक्रम चालविला. इंग्रजीचे वर्ग, मायबोलीतली पुस्तकं, सगळं मोफत. भाषा आली की माणूस बुजत नाही, फसत नाही.

केदारखेड्याची आपली लेकरंही शिक्षणासाठी, पोटासाठी दूर जातात. त्यांना आम्ही एवढंच सांगतो : खोली मिळाली की आधी ग्रंथालय शोधा. मात्र ही सवय इथंच लागली पाहिजे. विहारात रोज तासभर पुस्तक उघडू या.

जयभीम!